म्हशींचं लोणचं

“ह्यो विळा आता वाशातच गंजंल! तुझ्या हातात पुन्हा यायचा न्हाय!”

असं गरजून आकारामनं बायकोचा विळा छपराच्या वाशात खोचला. त्यासाठी तो खाटेवर चढला. खाट करकरली, गोठ्यातल्या दोन्ही म्हशींनी माना वर करून पाहिलं आणि दारात जमलेल्या चारचौघांनी माना डोलावल्या. आकाराम पळसवाडीच्या दूधसंस्थेचा चेअरमन होता. चेअरमन माणूस काहीही करतो तेव्हा चारचौघे जमलेले असतातच. नसले तर ते जमेपर्यंत तो करायचा थांबतो.

शालूबाईचं लक्ष विळ्याकडं नव्हतं, खाटेकडं होतं.

“पाय पुसून चढायचं की!” ती म्हणाली.

आता या विळ्याची गोष्ट आधी सांगायला हवी. पळसवाडी गगनबावड्याच्या वाटेवर आहे. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. एकदा आला की उठायचं नाव नाही! त्या पावसात गवत उदंड वाढतं, पण ते वाढतं डोंगराच्या अंगावर, आणि म्हशी असतात खाली गोठ्यात. गवत खाली येत नाही, म्हशी वर जात नाहीत. मग मधली ये-जा बायका करतात. डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ, कमरेला विळा. गवत कापायचं, भारा बांधायचा, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवायची, चुंबळीवर भारा घ्यायचा आणि शेवाळलेल्या पायवाटेनं उतरायचं. भारा पाणी पिऊन बाईपेक्षा जड झालेला असतो.

तुम्ही विचाराल, मग पुरुष काय करतात? पुरुष दूध संस्थेत नेऊन घालतात. किटली हलकी असते, आणि वाटेत चहाचं दुकान असतं.

मागच्या पावसाळ्यात शालूबाई त्या पायवाटेवरून घसरली. भारा पुढं, ती मागं, अशी दोघं ओढ्याच्या काठापर्यंत आली. भाऱ्याला काही झालं नाही. शालूबाईचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण तेव्हापासून हात कानाच्या वर जाईना. कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, “पुन्हा पडलात तर हा हात कायमचा गेला म्हणून समजा.”

ते ऐकून आकाराम घाबरला. अगदी खरा घाबरला. परतीच्या एस.टी.त तो एक शब्द बोलला नाही, आणि चेअरमन झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं! सबंध उन्हाळाभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: येत्या पावसाळ्यात शालू डोंगरावर जाता कामा नये.

आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या वैशाखात त्याला तोड सापडली. संस्थेनं कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दुकानातून कुट्टीचं मशीन आणलं!

मशीन टेंपोतून उतरलं तेव्हा सगळं गाव लोटलं. हिरवाजर्द रंग, बैलगाडीच्या चाकाएवढं लोखंडी चाक, त्यावर दोन पाती. एका तोंडातून मक्याची अख्खी ताटं घालायची. दुसऱ्या तोंडातून चिवड्यासारखा चुरा उडतो! लोकांनी चाकाला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. संस्थेचा सेक्रेटरी जोतीराम तर मशीनच्या पाया पडला. तो सवयीनं कुणाच्याही पाया पडायचा.

मशीन कशासाठी हे समजावून सांगायला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या संघप्रिया मॅडम आल्या होत्या. वयानं तरुण, पण सांगणं असं की गोठ्यातल्या म्हशीलाही कळावं!

“शालूमावशी, कैरीचं लोणचं कसं घालता?”

“फोडी करायच्या, मीठ लावायचं, बरणीत दाबून भरायचं, वर फडकं बांधायचं.”

“मग झालं तर! हे म्हशींचं लोणचं. मका दुधात आला की कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून थरावर थर भरायचा, गुळाचं पाणी आणि मीठ शिंपडायचं, तुडवून तुडवून आतली हवा काढायची, आणि कागदानं झाकून वर माती टाकायची. याला म्हणतात मुरघास. पावसाळाभर म्हशी गोठ्यात बसून खातील. मात्र एकच पथ्य. दीड महिना उघडायचं नाही. एवढासा कोपराही नाही! हवा शिरली की नासलं.”

“बस्स? एवढंच?” आकाराम हसला.

“एवढंच. पण हेच अवघड जातं.”

“मॅडम, ह्या गावात माझ्या शब्दाबाहेर कोंबडं आरवत न्हाय! तुम्ही बिनघोर ऱ्हावा.”

त्याच दिवशी घरी येऊन त्यानं विळा वाशात खोचला.

पहिला खड्डा आकारामच्याच गोठ्यामागं खणला होता, आणि मकाही त्याच्याच रानातला. ठरल्या दिवशी पहाटेपासून मका कापून मशीनपाशी आणून टाकला. आता कुट्टी सुरू करायची, तर जोतीरामनं हात आडवा घातला.

“चेअरमन, सयाजीराव साहेब आल्याबिगर मशीन कसं चालू करायचं?”

सयाजीराव साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. त्यांच्या हाताशिवाय तालुक्यात नळाला पाणी येत नसे. म्हणजे येई, पण त्याला पाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सगळे वाट बघत बसले. ऊन चढलं. साहेब आले नाहीत. मक्याची पानं माना टाकू लागली. संघप्रिया मॅडमनी एक ताट उचलून मोडून पाहिलं.

“चेअरमन, साहेबांची वाट आपण बघू शकतो. मका नाही बघत.”

आकारामनं मक्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं आणि दारात उभ्या शालूबाईकडं पाहिलं. तिचा उजवा हात नेहमीसारखा पोटाशी धरलेला होता.

“दाब रं बटण, ज्ञानू!” मशीन चालवायला नेमलेल्या पोराकडं बघून आकाराम ओरडला. “जे व्हायचं ते हुईल!”

घर्रर्र! चाक फिरलं, चाकावरचा हार पहिल्याच फेऱ्यात उडून थेट जोतीरामच्या गळ्यात पडला, आणि चुऱ्याचा हिरवा फवारा सुटला! काय तो वास! कोवळ्या मक्याचा, गोड! खड्डा भरू लागला. तुडवायला माणसं कंटाळू लागली तेव्हा ज्ञानूनं मशीन जोतीरामच्या हवाली केलं आणि घरातून हलगी आणली. हलगी कडाडली मात्र, सगळी गल्ली खड्ड्यात! कोल्हापूरच्या माणसाला नाच म्हटलं तर तो लाजेल, पण हलगी वाजली तर त्याचे पाय त्याला विचारत नाहीत. संध्याकाळपर्यंत खड्डा असा तुडवला गेला की त्यात सुई शिरली नसती. कागद ओढला, काठ दाबले, वर माती टाकली. संघप्रिया मॅडमनी खड्ड्याभोवती फेरी मारली आणि म्हणाल्या, “फर्स्ट क्लास!”

इथंच ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण साहेब यायचे होते ना.

ते दोन दिवसांनी आले. मागं दोन जीपगाड्या आणि डोक्यावर गुलाबी फेटा. सासरी आलेल्या जावयानं पंगत उठलेली बघावी, तशा नजरेनं त्यांनी चिखलानं लिंपलेला खड्डा पाहिला.

“आकाराम, उद्घाटन उरकलंसा म्हणं?”

“तसं न्हाय साहेब… मका वाळाय लागलाता…”

“मका वाळला. आणि आम्ही?”

जोतीराम पुढं झाला. “साहेब, त्यो नुसता सराव हुता! उद्घाटन तुमच्याच हातानं!”

झालं! आकारामच्या रानात उरलेली मक्याची ताटं घाईघाईनं कापून आणली. मशीन सुरू झालं. साहेबांनी एक पेंढी मशीनच्या तोंडात सरकवली आणि फोटोसाठी वळून हसले. ते हसत असताना फेट्याचं लोंबतं टोक, म्हणजे शेमला, त्या पेंढीबरोबर आत गेला!

खट-खट-खट-खट! शेमल्यामागून फेटा निघाला. साहेब जागच्या जागी भोवऱ्यासारखे तीनदा फिरले, आणि ज्ञानूनं मशीन बंद केलं तेव्हा उघड्या डोक्यानं थांबले. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. फेटा मात्र दुसऱ्या तोंडातून बाहेर पडला होता. गुलाबी, बारीक, चिवड्यातल्या डाळ्यांसारखा.

आकारामला वाटलं, संपलं. उद्या संस्थेला कुलूप. साहेब वाकले. त्यांनी तो हिरवा-गुलाबी चुरा मुठीत घेतला, डोळ्यांशी नेला.

“माप मात्र एकसारखं हाय!” ते म्हणाले.

जोतीरामनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“आता ही आमच्या हातची मूठ खड्ड्यात पडली पायजे. मग झालं खरं उद्घाटन.”

आकाराम खड्ड्यापुढं येऊन उभा राहिला. “साहेब, खड्डा झाकलाय. दीड महिना उघडायचा न्हाय, असं मॅडम म्हणाल्यात.”

“कोण मॅडम?”

“जनावरांच्या डॉक्टर.”

“मग जनावरांनी ऐकायचं की! आपण कशाला?”

मागच्या जीपमधली माणसं मोठ्यांदा हसली. साहेबांच्या विनोदाला हसायला ती पगारी नसली तरी कायम होती. आकारामही हसला. ते हसू त्याच्या तोंडावर कसं आलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं माती बाजूला केली, कागदाचा एक कोपरा उचलला. एवढासाच! साहेबांनी मूठ टाकली, फोटो निघाला, कोपरा मिटला.

“एवढ्यानं काय व्हतंय?” घरात आल्यावर आकाराम शालूबाईला म्हणाला.

तिनं वाशातल्या विळ्याकडं एकदा पाहिलं.

कोल्हापूर भागात एक रीत आहे. दारी आलेल्या पावण्याला चहाशिवाय पाठवत नाहीत, आणि तो जे बघायला आला ते दाखवल्याशिवाय तर नाहीच नाही. नवी म्हैस घेतली, दाखवायची. बोअरला पाणी लागलं, मोटर चालू करून दाखवायची. “नाही दाखवत” म्हणणं म्हणजे पावण्याच्या तोंडावर दार लावणं. आणि पळसवाडीचं म्हशींचं लोणचं बघायला आता पावणे येऊ लागले!

आधी शेजारच्या वाडीचे आले. “नुसता कोपरा दावा, पावणं. आम्ही काय खातोय व्हय?” मग त्यांच्या शेजारच्या वाडीचे आले. मग आकारामचे साडू आले, त्यांना तर सगळ्यांपेक्षा मोठा कोपरा दाखवावा लागला. एक म्हातारा आला, त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यानं हात कोपरापर्यंत आत घालून बघितलं. दर वेळी आकाराम म्हणायचा, “मॅडम न्हाय म्हणत्यात, पण तुम्ही एवढ्या लांबनं आलाय…” लग्नाची मुलगी बघायला येतात तसं चाललं होतं. फरक एवढाच की मुलीला कुणी वास घेऊन बघत नाही.

एकदा संघप्रिया मॅडम अचानक आल्या. खड्ड्यावरची माती त्यांना ओली, उकरल्यासारखी दिसली.

“चेअरमन, उघडलं होतं का?”

“छे! छे! कोण उघडतंय? मी हितं खाट टाकून झोपतोय, मॅडम!”

एवढ्यात गोठ्याच्या कोपऱ्यावरून जोतीरामचा आवाज आला. “चेअरमन! राधानगरीकडचं पावणं आल्यात, जीप भरून! उघडा त्यो आपला नेहमीचा कोपरा!”

मॅडमनी आकारामकडं पाहिलं. आकारामनं आभाळाकडं पाहिलं. पावण्यांनी खड्ड्याकडं पाहिलं.

“अहो, लोणच्याची बरणी शेजारणीला रोज उघडून दाखवता का?” मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी उकरलेली माती स्वतःच्या हातानं पुन्हा दाबली, हात धुतले, चहा न घेता निघून गेल्या.

आकारामला लाज वाटली. त्यानं त्या दिवसापासून खरंच खाट खड्ड्याशेजारी टाकली, काठी उशाला घेतली. “आता देव आला तरी उघडणार न्हाय!” देव काही आला नाही. पण पहारा करणाऱ्या माणसाला एक रोग जडतो. ज्याच्यावर पहारा करायचा, तेच त्याला खुणावू लागतं. दुपारी गल्ली निजली की आकारामला वाटे, मुरलं असंल का? साहेबांच्या फेट्यानं काही बिघडलं तर नसंल? आपलं स्वतःचं आपण बघितलं तर त्याला उघडणं थोडंच म्हणतात! तो कोपरा उचली, मूठभर काढी, हुंगी. आंबटगोड वास येई. छाती फुगे. मूठ परत आत टाकी, माती दाबी. तो सांगतो की असं त्यानं एकदाच केलं. मी त्याला मास्तरासारखं खोदून विचारलं नाही.

आणि मग शालूबाईची जाऊ तानाबाई आली. ती कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायची. दर खेपेला येऊन सांगायची: आमच्यात गॅस हाय, आमच्यात मिक्सर हाय, आमच्यात दूध पिशवीतनं येतंय. शालूबाईनं ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्या दिवशी आकाराम मिटिंगला गेला होता. तानाबाईनं शालूबाईच्या हाताकडं बघून “आता गं बाई, तुला पुन्हा डोंगरावर जायाचं कपाळी आलं!” असं म्हटलं मात्र, शालूबाईनं तिचा हात धरला आणि गोठ्यामागं नेलं.

“ये, दावतो तुला. आमच्यात काय हाय ते!”

मृगाचा पाऊस लागला. दीड महिना भरला. मुरघास काढायच्या दिवशी पुन्हा साहेब, पुन्हा नवा फेटा, या वेळी शेमला आत खोचलेला. कोल्हापूरहून फोटोग्राफर. मांडव घातला होता. शालूबाईनं दोन्ही म्हशी धुऊन, शिंगांना रंग लावून उभ्या केल्या होत्या. संघप्रिया मॅडम मागच्या बाजूला उभ्या होत्या.

वरची माती काढून कागदाला फितीसारखी दोरी बांधली होती, ती साहेबांनी सोडली. आकारामनं कागद ओढला.

पहिल्यांदा मांडव उठला. म्हणजे मांडव जागेवरच होता, माणसं उठली. असा भपका आला की एका पावण्याच्या हातातला चहा तसाच उलटला! खड्ड्यात वरपासून खालपर्यंत काळा, बुळबुळीत लगदा, त्यावर पांढऱ्या बुरशीची दाढी. मधूनमधून गुलाबी ठिपके मात्र ताजे दिसत होते. फेटा काही कुजला नव्हता. कापड चांगलं होतं.

म्हशींपुढं एक घमेलं ठेवलं. थोरलीनं नाक लावलं, फुर्रकन पाणी उडवलं आणि साहेबांकडं शेपूट केलं.

“फोटो कसा घ्यायचा?” फोटोग्राफर नाकाला रुमाल लावून म्हणाला.

“घेऊ की!” जोतीराम म्हणाला. त्यानं घमेल्यात भरपूर सरकीची पेंड टाकली आणि वर दोन चिमटी काळा मुरघास भुरभुरला. म्हशीनं तोंड फिरवलं, नाकानं वरचं काळं बाजूला सारलं आणि पेंडीवर तुटून पडली. खटॅक! साहेब हसताहेत, म्हैस खातीय, आकाराम बघतोय.

दोन दिवसांनी पेपरात तो फोटो आला. खाली छापलं होतं, “पळसवाडीत मुरघासाचा प्रयोग यशस्वी!”

मॅडम खड्डा उघडल्याच्या दिवशी जाताना एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पुन्हा करू, चेअरमन. मशीन चांगलं आहे.” त्यांनी मशीन चांगलं म्हटलं, बाकी कुणाला काही म्हटलं नाही, हेच आकारामला जास्त लागलं.

म्हशींना मात्र पेपर वाचता येत नव्हता. वैरण संपली. गवत फक्त डोंगरावर होतं.

आणि त्याच सुमाराला संस्थेत निरोप आला: शाहूपुरीतल्या सभागृहात दूधवाल्यांचा मेळावा आहे, आणि यशस्वी मुरघास प्रयोगाबद्दल पळसवाडीच्या चेअरमनचा साहेबांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे!

सत्काराच्या दिवशी सकाळी आकाराम कडक इस्त्रीचा सदरा घालून आरशासमोर उभा होता. बाहेर पाऊस कोसळत होता. शालूबाई मागं येऊन उभी राहिली.

“अवं, तेवढा विळा काढून द्या. माझा हात पोचत न्हाय.”

आकाराम आरशातच थांबला. “आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की. उद्या बघू कायतरी.”

“म्हशींस्नी सांगू व्हय, उद्या जेवा म्हणून?”

तो खाटेकडं वळला.

“पाय पुसून चढा,” ती म्हणाली.

त्यानं पाय पुसले. खाट करकरली. त्यानं वाशातला विळा ओढला. दारात या वेळी चारचौघे नव्हते. विळ्याला तांबूस गंज चढला होता. आकारामचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं होतं.

“मीबी एकदा उघडलंतं,” शालूबाई विळा दगडावर घासत म्हणाली. “तानाबाईला दावाया.”

आकारामनं सदऱ्याची बाही नीट केली. “मीबी.”

“ठावं हाय. तुमच्या मिशीला वास यायचा.”

एवढं बोलून तिनं खोळ घेतली. खोळ नवी होती. खड्ड्यावरचा जाड कागद गल्लीतल्या बायकांनी धुऊन, कापून वाटून घेतला होता, आणि त्याच्या छान खोळी झाल्या होत्या. पळसवाडीत मुरघासाच्या योजनेचा प्रत्यक्ष लाभ कुणाला झाला असेल तर तो त्या खोळींना! डोक्यावर त्या चढवून बायकांची रांग डोंगराच्या धुक्यात शिरली. साहेबांनी धाडलेली जीप आकारामला घेऊन उलट्या दिशेनं कोल्हापूरला निघाली.

सभागृह भरलेलं होतं. साहेबांनी भाषणात पळसवाडीचं नाव घेतलं, आकारामच्या अंगावर शाल पांघरली, नारळ दिला. मग म्हणाले, “आता चेअरमन आपला अनुभव सांगतील.”

आकाराम उभा राहिला. सांगून टाकावं, असं त्याच्या ओठापर्यंत आलं होतं. त्यानं समोर पाहिलं. सगळे त्याच्यासारखेच होते, इस्त्रीच्या सदऱ्यातले. प्रत्येकाची बायको त्या वेळी कुठं असेल, हे त्याला ठाऊक होतं.

“मंडळी,” तो म्हणाला, “आमचा खड्डा नासला. मशीन झ्याक हाय, मका झ्याक हुता. पर आम्ही उघडून उघडून नासवला. तुम्ही एकच करा. झाकला की कुणालाबी दावू नका. पावण्याला न्हाय, साडूला न्हाय, आणि पुढाऱ्याला तर अजाबात न्हाय!”

मग सबंध सभागृह हसलं! टाळ्या पडल्या. चेअरमन काय विनोदी बोलतो! सगळ्यांत मोठ्यानं साहेब हसले. त्यांनी आकारामच्या पाठीवर थाप मारली, माईक ओढून घेतला आणि म्हणाले, “चेअरमननी फार मार्मिक सांगितलं. आता हा प्रयोग गावागावात करायचा, आणि प्रत्येक खड्डा मी स्वतः येऊन उघडून बघणार!”

पुन्हा टाळ्या.

आकाराम घरी आला तेव्हा दिवस कलला होता. चूल थंड होती. म्हशी ओरडत होत्या. गल्लीतल्या बाकीच्या बायका भारे टाकून केव्हाच घरात गेल्या होत्या. तो शाल पांघरून, नारळ काखेत धरून अंगणातच भिजत उभा राहिला. डोंगर दिसत नव्हता, पायवाट दिसत नव्हती. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. त्यानं शेजारच्या बाळाबाईला हाक मारली.

“शालू कुठं हाय?”

“मागं हुती की आमच्या. एका हातानं येतीया, उशीर व्हायचाच.”

आकाराम पायवाटेकडं धावला. दोन वळणं चढला आणि एका जागी त्याचा पाय सटकून तो सदऱ्यासकट चिखलात बसला. नारळ सुटला आणि टणाटण उड्या मारत ओढ्याकडं गेला, अगदी मागच्या वर्षीच्या भाऱ्यासारखा. तो तसाच बसून राहिला. वरून एक भारा हळूहळू उतरत आला. भाऱ्याखाली खोळ, खोळीखाली शालूबाई. डावा हात वर भाऱ्याला, उजवा पोटाशी.

“मी न्हाय पडलो,” ती थांबून म्हणाली. “तुम्ही कशाला पडलाय?”

आकारामनं उठून भारा आपल्या डोक्यावर घेतला. तिची चुंबळ भिजून चिंधी झाली होती, भारा टाळूत रुतू लागला. शालूबाईनं त्याच्या खांद्यावरची सत्काराची शाल ओढली, पिळली, गोल गुंडाळली आणि डाव्या हातानं त्याच्या भाऱ्याखाली सरकवली.

“हां, चला आता. बघून पाय टाका.”

तेव्हापासून तो पावसाळा संपेपर्यंत पळसवाडीचे चेअरमन भारा आणायला जाताना दिसत. गल्ली हसायची. किटलीवाले तर चहाच्या दुकानातून मुद्दाम बाहेर येऊन हसायचे. आकाराम त्यांना काही बोलत नसे. कुणी फारच चिडवलं तर तो तेवढं एक सांगे, अगदी अनुभवानं: सत्काराच्या शाली लई पातळ असत्यात, पावणं. चुंबळीला दोन घड्या जास्तच घालाव्या लागत्यात!